टेकडीवर भरली आजींची शाळा

पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्त्यांत एक गंमत आहे. गंमत कसली, दुखणेच म्हणा ना! बापाची सुट्टी गुरुवारी आणि पोरांची सुट्टी रविवारी. विजेच्या पुरवठ्याची सोय म्हणून आपल्या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी ठेवण्याची जुनी पद्धत आहे. गुरुवारी बाप घरी असतो तेव्हा पोरे शाळेत असतात. रविवारी पोरे घरी असतात तेव्हा बाप मशीनवर उभा असतो. चाकणकडे कंत्राटी कामाला जाणाऱ्या तरुणांचे तर विचारूच नका. पहाटे कंपनीची बस येते आणि अंधार पडल्यावर परत आणून सोडते. सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करणाऱ्या आमच्या भगिनींना तर गुरुवार नाही आणि रविवारही नाही. मग सगळे कुटुंब एकत्र बसते कधी? वर्षातून मोजक्या दिवशी. त्यातला एक दिवस म्हणजे 15 ऑगस्ट.

आमच्या वस्तीतील आठ कुटुंबांनी मिळून ठरवले की, गेल्या 15 ऑगस्टला झेंडावंदन आटोपले की सर्वांनी मिळून कुठेतरी जायचे. कुठे जायचे यावर दोन संध्याकाळी वाद झाला. तरुण मंडळींचे म्हणणे मॉलला जाऊ. मुलांना पाण्याचे घसरगुंडीवाले पार्क हवे होते. आम्ही पडलो कारकून माणूस, त्यात बी.कॉम. कागद काढला आणि माणशी तिकीट गुणिले 26 असा हिशेब मांडून सर्वांपुढे ठेवला. हिशेब पाहून वाद आपोआप मिटला. निगडीच्या दुर्गा टेकडीवर जायचे ठरले. महानगरपालिकेचे हे दुर्गादेवी उद्यान म्हणजे नुसती फुलझाडांची बाग नव्हे. ती झाडांनी भरलेली टेकडीच आहे. सकाळी तिथे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते. आमच्या वस्तीतून मात्र तिथे गेलेली माणसे बोटावर मोजण्याइतकी निघाली.

वस्तीतल्या तीन वयस्कर बायांना आम्ही मुद्दाम बोलवायला गेलो. त्यातल्या एक आजी, वय सत्तरीच्या पुढे, करमाळा तालुक्यातल्या. आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, आमी कशाला येऊ टेकडीवर? उभा जलम रानातच गेला. रान काय बघायची चीज हाय व्हय?"

आम्ही म्हटले, "आजी, तुम्ही बघितलंय, पण पोरांनी बघितलेलं नाही. त्यांना दाखवायला तरी चला."

यावर त्या काही बोलल्या नाहीत. पण 15 तारखेला सकाळी सर्वांच्या आधी पांढरे लुगडे नेसून आणि हातात काठी घेऊन त्या बसथांब्यावर उभ्या होत्या.

झाडांच्या नावांचे गाव

बसमध्ये मुलांचा गोंधळ थांबावा म्हणून आम्ही एक कोडे घातले. म्हटले, आपण जिथे राहतो त्या भागातल्या कोणकोणत्या गावांच्या नावात झाड लपले आहे ते सांगा. जरा वेळ कोणी बोलेना. मग एक मुलगी ओरडली, "चिंचवड!" बरोबर. चिंच आणि वड या दोन झाडांवरून हे नाव पडले असे जुनी माणसे सांगत आली आहेत. मग पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख ही नावे आली. त्यात पिंपळ उघडच दिसतो. पिंपरीचे काय? पिंपरी नावाचे झाड आहे, हे मुलांनाच काय, त्यांच्या आईबापांनाही माहीत नव्हते. वड-पिंपळाच्याच कुळातले ते एक झाड आहे.

"आणि निगडी?" आम्ही विचारले. सगळे गप्प. तेव्हा मागच्या सीटवरून आजी म्हणाल्या, "निगडी म्हंजी निरगुडी की! बांधाला आसती. पाच बोटावानी पानं. बाळंतिणीला न्हायला त्याचाच पाला पाण्यात उकळायचा. धान्याच्या कणगीत बी घालायचा, किडा लागत न्हाई."

बस निगडीलाच चालली होती. रोज ज्या गावाच्या नावाची पाटी वाचून आम्ही बसमध्ये चढतो, त्या नावाचा अर्थ आमच्या आजींना आधीपासून ठाऊक होता. आम्ही त्यांना कधी विचारलेच नव्हते. आम्ही पोरांना रान दाखवायला आजींना घेऊन निघालो होतो खरे, पण शिकायचे आम्हालाही आहे, हे आम्हाला बसमध्येच उमगले.

गुलमोहर ओळखीचा, बाकी सगळे 'झाड'

टेकडीच्या पायथ्याशी आम्ही मुलांना एकेक वही दिली आणि सांगितले की, ओळखीचे झाड दिसले की नाव लिहा. अर्ध्या तासाने वह्या पाहिल्या. नऊ मुलांच्या मिळून पाच नावांची यादी झाली होती. गुलमोहर, आंबा, नारळ, कडुनिंब आणि बांबू. बाकी सगळ्यांना मुले नुसते 'झाड' म्हणत होती. त्यात गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरचा. म्हणजे परका पाहुणा घरोघर ओळखीचा आणि घरचे नातेवाईक मात्र अनोळखी!

यात मुलांचा दोष नाही. शाळेच्या पुस्तकात झाडाचे चित्र असते, मूळ, खोड, पान, फूल असे भाग असतात. पण 'हा करंज, हा कांचन, ही बाभूळ' असे बोट दाखवून सांगायला माणूस लागतो. ती माणसे आमच्याच घरात होती आणि आम्ही त्यांना टीव्हीसमोर बसवून ठेवले होते.

मग आम्ही आजींना पुढे घातले. काठी टेकत त्या चालू लागल्या आणि काठीच्या टोकाने दाखवू लागल्या. हा करंज, याच्या बियांचे तेल दिव्याला आणि खरजेला. हा आपटा, पान बघा, मधोमध दुमडल्यासारखे. हा कांचन, आपट्याचाच भाऊ. ही बोर, हा बहावा, उन्हाळ्यात पिवळ्या झुंबरांनी लगडतो. ही बाभूळ, हिच्या काडीने दात घासायचे. हा साग, कोवळे पान चुरगाळले की हात लाल होतो. पोरांनी लगेच सागाचे खाली पडलेले पान उचलून हात लाल करून घेतले. उतरेपर्यंत आजींनी आणि त्यांच्या जोडीच्या दोघींनी मिळून 21 झाडांची नावे सांगितली. आम्ही वहीत नोंद केली. कारकुनाला नोंद केल्याशिवाय चैन पडत नाही.

एका झाडाशी मात्र आजी अडल्या. हिरवेगार, दाट, जागोजागी उभे. "हे आमच्याकडं नव्हतं," म्हणाल्या. ते होते गिरिपुष्प. काही जण त्याला उंदीरमारी म्हणतात, कारण त्याच्या बिया आणि साल उंदरांना विषारी ठरते. मूळ मध्य अमेरिका-मेक्सिकोकडचे. सुबाभूळही तिकडचीच. आपल्याकडच्या उघड्या टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून गेल्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत ही झाडे ठिकठिकाणी लावली गेली. मुरमाड जमिनीत ती तगतात, भराभर वाढतात, आणि गिरिपुष्पाला गुरे सहसा तोंड लावत नाहीत. त्या वेळी ते सोयीचे वाटले. पण आपल्याकडच्या पाखरांना आणि किड्यांना ओळखीच्या झाडांवर जसे अन्न मिळते, तसे या पाहुण्यांवर मिळत नाही. वड, उंबर किंवा पिंपळ फळला की बुलबुलांपासून वटवाघळांपर्यंत सर्वांची पंगत बसते. म्हणून नवे झाड लावताना आधी आजींची यादी पाहावी, असे आमचे मत झाले आहे.

उंबराचे फूल

वाटेत एक उंबर लागला. खाली पिकलेली उंबरे पडली होती. आजींनी एक उचलले, लुगड्याला पुसले आणि पोरांना म्हणाल्या, "उंबराचं फूल कुणाच्या नजरंला पडत न्हाई. ज्याला दिसलं त्यो राजा व्हतो."

आमची मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती पुढे झाली आणि म्हणाली, "आजी, मी दाखवू का फूल?" तिने झाडावरचे एक हिरवे उंबर नखाने फोडले. आत बारीक बारीक दाण्यांसारखी शेकडो फुले! उंबर आपल्याला फळ वाटते, पण खरे तर ती फुलांनी भरलेली बंद कुपी असते. मिरीच्या दाण्याहूनही लहान असा एक किडा टोकाच्या भोकातून आत शिरतो, तिथेच अंडी घालतो आणि एका उंबराचा पराग दुसऱ्या उंबरात नेतो. हा किडा नसेल तर उंबराला बी धरणार नाही, आणि उंबर नसेल तर या किड्याचे कुळ बुडेल. वड आणि पिंपळ यांचाही असाच आपापला किडा असतो.

आजी कितीतरी वेळ ते फोडलेले उंबर डोळ्यांजवळ धरून बघत राहिल्या. मग हसून म्हणाल्या, "मंजी मी राजा झाले म्हना की!"

आम्हाला त्या क्षणी फार बरे वाटले. आजींनी आमच्या मुलीला उंबर शिकवला आणि मुलीने आजींना उंबराचे फूल दाखवले. अनुभवाचे ज्ञान आणि पुस्तकाचे ज्ञान एकमेकांना असे भेटले पाहिजे. त्यात कोणी लहान-मोठे नसते.

याच ओघात पिंपळाचीही गोष्ट निघाली. एका मुलाने विचारले, पिंपळावर मुंजा असतो का? दुसऱ्याने सांगितले, नाही रे, पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतो. मुलांनो, या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. मुंजा म्हणजे माणसाच्या मनातली भीती. आणि प्राणवायू तयार करायला कोणत्याही झाडाला उजेड लागतो. रात्री पिंपळही आपल्यासारखाच प्राणवायू घेतो. पिंपळ मोठा आहे तो त्याच्या गार सावलीमुळे आणि शेकडो जीवांना तो पोसतो म्हणून. ज्या झाडाखाली तथागतांना बोधी प्राप्त झाली, त्याची फांदी सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने सिंहलद्वीपात नेली. अनुराधपूरला तो वृक्ष आजही उभा आहे. झाडाचा मान राखायला त्यावर भूत बसवण्याची गरज नाही, हे आपण मुलांना सांगितले पाहिजे.

बहात्तर साल

टेकडीच्या मध्यावर उतारावर हिरवे रान माजले होते. आम्हाला ते गवत वाटले. आजी मात्र थबकल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "आगं बया, टाकळा!"

टाकळा म्हणजे विदर्भातला तरोटा. पानाला पानोळ्यांच्या तीन जोड्या असतात आणि संध्याकाळी त्या मिटतात. त्यावर लहान पिवळी फुलपाखरे बसत होती. मुलीने सांगितले की, ही फुलपाखरे टाकळ्याच्या पानांवर अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या हाच पाला खातात. "आन् आमी बी हाच पाला खायचो," आजी म्हणाल्या, आणि बाजूच्या दगडावर बसल्या. पोरे भोवती जमली.

"पाऊस पडला की पंधरा दिसांत टाकळा यायचा. कवळा खुडायचा, कांदा घालून परतायचा. कुर्डू आसायचा, घोळ आसायचा. पैका लागत नव्हता. पर बहात्तर साली टाकळाबी उगवला न्हाई. पाऊसच न्हाई तर टाकळा कुठला? ओढ्याकाठचा एक उंबर तेवढा हिरवा व्हता. त्याची उंबरं आमी वाटून खाल्ली. खडी फोडायला जायचो, तिथं सुकडी मिळायची. मालकांनी म्हनलं, हितं मरण्यापरीस पिंपरीला जाऊ, तिथं कंपन्या निघाल्यात."

मालक म्हणजे त्यांचे यजमान. 1972 च्या दुष्काळात सोलापूर, नगर, बीड, उस्मानाबाद भागातली हजारो माणसे खडी फोडायच्या कामावर होती. सुकडी आणि लाल मिलोवर त्यांनी दिवस काढले. त्यातली कितीतरी कुटुंबे पुढे या पट्ट्यात आली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना 1962 ची, पिंपरी-चिंचवड नगरपालिका 1970 ची आणि महानगरपालिका 1982 ची. या तारखा आम्ही कचेरीत पाठ केल्या आहेत. पण या तारखांच्या मागे ओढ्याकाठचा एक उंबर उभा आहे, हे आम्हाला त्या दगडाजवळ बसल्यावर कळले.

एवढ्यात उद्यानाचे रखवालदार आले. आजींच्या हातात टाकळ्याचा शेंडा पाहून म्हणाले, "आजी, हितं काय तोडायचं नसतं." आजी शरमल्या. आम्ही माफी मागितली. सार्वजनिक बागेत नियम म्हणजे नियम आणि तो आम्हालाही लागू आहे. रखवालदार जायला वळले, पुन्हा थांबले आणि त्यांनी विचारले, "ह्याला तुमच्याकडं काय म्हणतात?" "टाकळा," आजी म्हणाल्या. "आमच्याकडंबी टाकळाच," ते म्हणाले. "आई भाजी करायची." आणि तेही दहा मिनिटे उभे राहून ऐकत होते. तेही दुष्काळी मुलखातलेच निघाले.

सावलीलाही जात होती

वर पोहोचल्यावर एका मोठ्या वडाखालच्या कट्ट्यावर सर्वांनी डबे उघडले. आजी मात्र कट्ट्यावर बसेनात. खाली मातीत टॉवेल अंथरून बसल्या. आम्ही म्हटले, "आजी, वर बसा, गुडघे दुखतील." त्या म्हणाल्या, "राहू द्या. सवं न्हाई."

आमच्या पत्नीने त्यांच्या शेजारी बसून हळूच विचारले तेव्हा कळले. त्यांच्या गावात चावडीपुढे असाच वड होता. त्याला दगडी पार होता. दुपारी गाव तिथे टेकायचे. आजी तेव्हा सहा-सात वर्षांच्या. वडिलांकडे गावकीचे काम. सांगावा घेऊन पाच-सहा कोस चालून ते यायचे आणि पारापासून अंतर राखून उन्हात उभे राहायचे. पारावरच्या माणसाचे बोलणे संपेपर्यंत उभेच. वडाची सावली त्यांच्यापासून चार हातांवर पडलेली असायची. पण तिच्यात पाय ठेवायची मुभा नव्हती. "बापाच्या डोक्यावरनं घाम गळायचा आन् मी त्याचं धोतर धरून उभी. मला वाटायचं, ह्या झाडाला आमी काय केलंय?"

वाचक बंधू-भगिनींनो, आमच्या हातातली भाकरी हातातच राहिली. पाणवठ्याची अस्पृश्यता आपल्याला माहीत आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दरवर्षी आठवतो. पण सावलीलाही जात होती, हे आमच्या मुलांनी त्या दिवशी प्रथम ऐकले. 1958 च्या कायद्याने ही वतने गेली आणि आजींच्या वडिलांचे उन्हातले उभे राहणे संपले. पण 'सवं न्हाई' हे दोन शब्द साठ-पासष्ट वर्षांनंतरही आजींच्या गुडघ्यांत राहिले होते.

दोन हजार दोनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेला वड लावले आणि आंबराया उभ्या केल्या. ते कशासाठी, हे त्याने शिलास्तंभावर कोरून ठेवले आहे: माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून. त्यात ही माणसे कोणती आणि ती कोणती, असा भेद नव्हता. झाड तर कधीच भेद करत नाही. भेद पार बांधणाऱ्यांनी केला.

आमच्या वस्तीतली सात वर्षांची एक मुलगी उठली, आजींचा हात धरला आणि म्हणाली, "आजी, हा कट्टा सगळ्यांचा आहे. चल ना वर." आजी उठल्या. कट्ट्यावर बसल्या. पाठ वडाला टेकली. चालायला आलेली दोन अनोळखी माणसे शेजारी येऊन बसली, त्यांनी आजींना "सरका जरा" एवढेच म्हटले आणि बाटलीतले पाणी पिऊ लागली. आजी सरकल्या. बाकी काहीच झाले नाही. काहीच न होणे ही केवढी मोठी गोष्ट असते, हे त्या वेळी आम्हाला समजले.

पिंपरीच्या मातीचा वास

उतरताना पावसाची सर आली. आठ दिवस उघडीप होती, त्यामुळे मातीचा वास सुटला. सगळे झाडांच्या आडोशाला उभे राहिले. आमच्याबरोबर हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधून निवृत्त झालेले एक काका होते. ते म्हणाले, "हा वास कशाचा, माहीत आहे का? मातीतल्या जंतूंचा." मुले हसली. पण काका खरे बोलत होते. मातीत राहणारे काही सूक्ष्म जीव एक द्रव्य तयार करतात. सुकलेल्या मातीवर पावसाचे थेंब पडले की ते हवेत उडते आणि आपल्याला वास येतो. याच जातीच्या सूक्ष्म जीवांपासून क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसीन मिळाले. ज्यांच्या घरात क्षयाने माणूस गेला आहे, त्यांना या नावाचे मोल सांगायला नको.

पिंपरीची ही सरकारी कंपनी 1954 सालची. पेनिसिलीन तयार करणारा देशातला हा पहिला सरकारी कारखाना. पुढे तिथे स्ट्रेप्टोमायसीनही तयार होऊ लागले. तिथले शास्त्रज्ञ डॉ. थिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी यांनी 1961 च्या सुमारास मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून हॅमायसिन नावाचे बुरशीवरचे औषध शोधले. त्या जीवाचे शास्त्रीय नाव त्यांनी ठेवले 'स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना'. म्हणजे आपल्या पिंपरीचे नाव जगाच्या शास्त्रात एका मूठभर मातीने नेले! मुलांनी लगेच वाकून मातीला हात लावला. एकाने तर कागदात थोडी माती पुडी बांधून घेतली.

या पट्ट्यात कारखान्याचे आणि झाडाचे वैर असलेच पाहिजे असे नाही, याचे एक जुने उदाहरणही काकांनी सांगितले. सुमंत मुळगावकर यांनी पिंपरीला टेल्कोचा कारखाना उभारला तेव्हा त्या माळावर झाडे लावण्यावर भर दिला आणि आवारात तळे केले. त्या तळ्यावर पक्षी येऊ लागले. कारखाना उभारतानाच झाडाचा विचार केला, तर ते जमते.

जमा-खर्च

रात्री घरी आल्यावर आम्ही सवयीप्रमाणे वहीत दिवसाचा हिशेब मांडला. खर्चाच्या बाजूला 26 माणसांचे बसभाडे, नऊ वह्या, चार डझन केळी आणि चहा. जमेच्या बाजूला मुलांची पाच झाडे, आजींची 21 झाडे, एक उंबराचे फूल, एक टाकळ्याची गोष्ट, एक वडाची गोष्ट. रक्कम जुळली नाही. जमेची बाजू फार जड झाली.

आणखी एक नोंद आम्ही केली. चाकणला जाणारा आमच्या शेजारचा तरुण आपल्या चार वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन पूर्ण टेकडी चढला. खाली उतरल्यावर त्याने सांगितले की, मुलगा सलग चार तास जागा असताना आपल्याजवळ होता, असे या वर्षात प्रथमच घडले.

आता आमच्या सर्व वाचकांना, विशेषतः महिला मंडळांना आणि तरुण मंडळांना, एक सूचना आहे. आपल्या वस्तीजवळ टेकडी असेल, बाग असेल, नदीकाठ असेल. तिथे सर्वांच्या सुट्टीचा दिवस धरून जा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर असे दिवस आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. बरोबर वस्तीतल्या वयस्कर बाया-माणसांना न्या. त्यांना मागे ठेवू नका, पुढे चालवा. मुलांच्या हातात वही द्या. प्रत्येक झाडापुढे नाव, त्याचा उपयोग आणि कोणी सांगितले ते लिहून घ्या. बागेतले काही तोडू नका. पडलेले पान, पडलेले बी चालते. अनोळखी पाला किंवा फळ तोंडात घालू नका. ओळखीची रानभाजीसुद्धा गटाराकाठची किंवा औषध फवारलेल्या जागेची घेऊ नका. प्लॅस्टिकची पिशवी नेली तर ती परत आणा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. शहरातले झाड तोडायला महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग ते झाड आपल्या अंगणातले का असेना. 2021 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि 50 वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा म्हणून वेगळे संरक्षण मिळाले. तुमच्या वस्तीतले जुने वड, पिंपळ, चिंच किती वर्षांचे आहेत, हे कागदोपत्री कोणाला ठाऊक नसेल. पण एखादी आजी सांगेल की, "मी लगीन होऊन आले तवा हे झाड एवढं व्हतं." ती साक्ष लिहून ठेवा. उद्या ती कामाला येईल.

झाडे पुन्हा लावता येतात. पण करंज, कांचन, टाकळा, निगडी ओळखणारी ही माणसे पुन्हा मिळणार नाहीत. बहात्तर सालच्या दुष्काळाने त्यांना या गावात आणले आणि पोट भरण्याच्या धावपळीत त्यांच्या डोक्यातले रान कोणी विचारलेच नाही. ते रान अजून जिवंत आहे. ते आपल्या पोरांच्या वहीत उतरवून घेण्याचे काम आपले आहे.

ज्या मुलाने माती पुडीत बांधून आणली, त्याने ती एका फुटक्या डब्यात टाकली आणि त्यात उंबराचे पिकलेले फळ कुस्करून घातले. आजी रोज येऊन डब्यात डोकावतात. अजून काही उगवलेले नाही. उगवले की वस्तीत मोकळी जागा शोधून तिथे ते रोप लावायचे आणि त्याभोवती सर्वांना बसता येईल असा कट्टा बांधायचा, असे ठरले आहे.

येत्या 26 जानेवारीला आम्ही पुन्हा टेकडीवर जाणार आहोत. या खेपेस आजींनी स्वतःहून विचारले, "भाऊ, कधी निघायचं?"